अर्थसंकल्पाचं घोडं कुठे पेंड खातं?

बचत गटाच्या बँक खात्यातून पैसे काढायला किमान दोघींच्या सह्या लागतात. एकीने सही नाकारली, तर पैसे असूनही हाती पडत नाहीत. सरकारच्या अर्थसंकल्पाचंही असं होऊ शकतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात तसं झालं. 1 जुलै 2015 पासून दोन वर्षं त्या राज्याला पूर्ण अर्थसंकल्पच नव्हता.

का बरं? पहिलं कारण, सत्ता दोघांच्या हाती. तिथे राज्यपालाला लोक थेट निवडून देतात आणि कारभारही तोच चालवतो. आमदारांची निवड वेगळी. तेव्हा राज्यपाल ब्रूस राउनर हे रिपब्लिकन पक्षाचे होते, आणि विधिमंडळात बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाचं. राज्यपालाचा नकार मोडायला दोन्ही सभागृहांत पाचातले तीन आमदार एका बाजूला यावे लागतात.

दुसरं कारण, अटी. राज्यपाल म्हणत, आधी कामगार संघटनांचे अधिकार कमी करा, मालमत्ता कराची वाढ थांबवा, मग नवीन कराचं बघू. समोरचे म्हणत, याचा अर्थसंकल्पाशी संबंध काय?

तिसरं कारण नीट ऐका. झळ सगळ्यांना सारखी बसली नाही. शाळांचे पैसे वेगळे मंजूर होत होते. सरकारी नोकरांचे पगार न्यायालयाच्या आदेशाने चालू होते. त्यामुळे भांडण मिटवायची घाई कुणाला नव्हती. पैसे अडकले ते म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या संस्थांचे आणि सरकारी विद्यापीठांचे. 2016 साली तात्पुरती तरतूद झाली, तिच्यात मारहाणीतून सुटलेल्या बायकांच्या आधार केंद्रांसाठी पैसेच नव्हते.

शेवटी राज्यपालांच्याच पक्षाचे काही आमदार फुटले. 6 जुलै 2017 ला अर्थसंकल्प झाला. उत्पन्नावरचा कर 3.75 वरून 4.95 टक्के झाला. तोवर थकलेली बिलं सुमारे 15 अब्ज डॉलरवर गेली होती.

महाराष्ट्रात असं दोन वर्षं चालू शकत नाही. आपल्याकडे मुख्यमंत्र्यांच्या मागे विधानसभेचं बहुमत असावं लागतं. विधानसभेने अर्थसंकल्प फेटाळला, तर सरकारलाच जावं लागतं. विधान परिषदेला खर्चाचं विधेयक 14 दिवसांपेक्षा जास्त अडवता येत नाही. मंजुरीला उशीर होणार असेल, तर लेखानुदान घेऊन काही महिन्यांचा खर्च भागवता येतो.

पण एक गोष्ट दोन्हीकडे खरी आहे. पैसा अडला, की ज्यांचा आवाज लहान त्यांचं काम आधी थांबतं. म्हणून एखाद्या योजनेचे पैसे आले नाहीत, तर “सरकारकडे पैसा नाही” एवढ्यावर गप्प बसू नका. तरतूद झाली होती का? झाली असेल, तर सही कुणाची राहिली? ग्रामसभेत दोन्ही प्रश्न विचारा, एकटीने नाही, सगळ्या गटाने मिळून.