बापूंच्या कुटीतील उष्णतेचे गणित

आमच्या मूर्तिजापुराहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले की बडनेऱ्यानंतर वर्धा लागते. वर्ध्यापासून सुमारे 8 किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तेथे मातीच्या भिंती आणि कवेलूंचे छप्पर असलेली एक बसकी कुटी उभी आहे. तिला बापू कुटी म्हणतात. मे महिन्यात वऱ्हाडात आणि वर्ध्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. अशा एका दुपारी मी त्या कुटीत शिरलो आणि अंगाची काहिली एकदम कमी झाली. आत पंखा नव्हता. मग हा गारवा आला कोठून?

आधी थोडा इतिहास पाहू. 1930 साली दांडीयात्रेला निघताना गांधीजींनी साबरमतीचा आश्रम सोडला. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्याला आले आणि 30 एप्रिल 1936 रोजी जवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास गेले. सेगाव आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव या नावांचा टपालात घोटाळा होई. म्हणून 1940 साली सेगावचे नाव सेवाग्राम झाले. तेथील पहिले घर म्हणजे ‘आदि निवास’. खर्च 500 रुपयांच्या आत हवा, साहित्य जवळपासचे हवे आणि काम गावच्या लोकांनी करावे, अशी गांधीजींची अट होती. आज जिला बापू कुटी म्हणतात, ती मुळात मीराबेन यांची झोपडी होती. मीराबेन म्हणजे एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या कन्या. त्यांनी मातीच्या भिंतीवर हाताने उठावाची चित्रे काढली. ती आजही दिसतात. 1946 च्या ऑगस्टमध्ये गांधीजी येथून गेले, ते पुन्हा परतले नाहीत.

आता भिंतीकडे वळू. उन्हाने भिंतीची बाहेरची बाजू तापते. ती उष्णता लाटेसारखी हळूहळू आत सरकते आणि सरकता सरकता क्षीण होत जाते. ही लाट किती वेगाने सरकेल, हे पदार्थाची उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांवर ठरते. ढोबळ हिशेब केला, तर फूटभर जाडीच्या कोरड्या मातीच्या भिंतीतून ही लाट पार व्हायला सुमारे 10 तास लागतात. बाहेरच्या पृष्ठभागाच्या तापमानात दिवस-रात्रीत 20 अंशांचा फरक पडत असेल, तर आतल्या बाजूस तो जेमतेम दीड-दोन अंश उरतो. म्हणजे दुपारी दोनची उष्णता आत पोचते मध्यरात्री! तोवर बाहेरची हवा निवलेली असते. पूर्वी उन्हाळ्यात लोक रात्री अंगणात बाजा टाकून निजत, त्यामागे हेही एक कारण होते.

छपराचे काम निराळे. एकमेकांवर बसविलेल्या कवेलूंमध्ये बारीक फटी राहतात. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि त्या फटींतून बाहेर पडते. पुढे आलेल्या वळचणीमुळे भिंतीवर सावली पडते आणि पावसाचा मारही चुकतो. मातीची खरी वैरी ऊन नव्हे, पाणी!

तुम्ही म्हणाल, मग सर्वांनीच मातीची घरे बांधावीत का? उत्तर इतके सोपे नाही. आमच्या आजीचे घर मातीचे होते. दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागत, भिंती लिंपाव्या लागत, वाळवीवर नजर ठेवावी लागे. हे सारे आजीच करी. ती थकली आणि दोन पावसाळ्यांत एक भिंत बसली. मग आम्ही स्लॅबचे घर बांधले. गळती थांबली, पण उकाडा वाढला. चार इंची स्लॅबमधून उष्णतेची लाट साधारण तीन तासांत आत येते. दुपारी दोन-तीनची उष्णता नेमकी पाच-सहाला, मुले अभ्यासाला बसतात तेव्हा, डोक्यावर उतरते. त्या मोडलेल्या घराने काय दिले होते, हे मला पदार्थविज्ञान शिकूनही ते गेल्यावरच कळले.

जानेवारी 1978 मध्ये इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामला आले होते. त्यांनी या कुटीवरच भाषण केले. घर लहान असले म्हणजे ते उणे असते काय, हा प्रश्न त्या कुटीत बसल्यावर कोणालाही पडेल.

एक प्रयोग करून पाहा. पत्र्याचे दोन सारखे रिकामे डबे घ्या. एकाला सर्व बाजूंनी आणि झाकणावरही दोन इंच जाड चिखल थापा व तो पूर्ण वाळू द्या. (ओला राहिला तर बाष्पीभवनानेच डबा थंड होईल आणि तुमची फसगत होईल.) दोन्ही झाकणांतील भोकांतून तापमापक आत सोडून डबे उन्हात ठेवा. सकाळपासून रात्रीपर्यंत दर अर्ध्या तासाला नोंद करून आलेख काढा. मातीच्या डब्याचा आलेख किती ठेंगणा आला आणि किती उशिरा शिखरावर पोचला, ते मोजा. मग आपल्या घराच्या छताला पांढऱ्या चुन्याचा हात दिला तर काय होईल, याचा विचार करा. जुन्या घराकडे परत जाता येत नसले, तरी त्याच्याकडून शिकता नक्कीच येते.