गिझरचा दिवा लागतो, तरी पाणी कोमटच? आधी विजेचा मीटर बघा

महाडजवळ सव गावात सावित्रीच्या काठी जमिनीतूनच गरम पाणी येतं. बटण नाही, बिल नाही. बाकीच्यांनी आधी चूल आणि तांब्याचा बंब वापरला, आता न्हाणीच्या भिंतीवर गिझर आला. आणि पोलादपूरच्या बाजूला डिसेंबरातल्या पहाटे अर्धा तास बटण चालू ठेवूनही बादलीत कोमट पाणी पडलं, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘गिझर गेला, नवीन घ्यायला हवा.’

थांबा. बऱ्याचदा गिझर गेलेला नसतो.

आधी हिशोब पाहू. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट वीज लागते. गिझर २ किलोवॅटचा असेल तर हे काम १८ ते २० मिनिटांत व्हायला हवं. २५ लिटरची टाकी असेल तर अर्धा तास. तुमच्याकडे यापेक्षा खूप जास्त वेळ लागत असेल, तर गिझरला पुरेशी ताकद मिळत नाही असं समजा.

ही ताकद व्होल्टेजवर ठरते. गिझरवर ‘२००० वॅट’ लिहिलेलं असतं ते २३० व्होल्टला. व्होल्टेज १८० झालं तर ताकद थोडीशी कमी होईल असं वाटतं, पण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे २ किलोवॅटचा गिझर १.२ किलोवॅटवर येतो आणि १८ मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. ट्रान्सफॉर्मरपासून लांब, शेवटच्या खांबावरच्या घराला हे जास्त जाणवतं. त्यात सकाळी सहा-सातला सगळ्या वाडीचे गिझर आणि पंप एकदम सुरू होतात. तोच गिझर दुपारी व्यवस्थित पाणी तापवतो, आणि दुपारी आलेला मेकॅनिक सांगून जातो, ‘काही बिघाड नाही.’ तो खोटं बोलत नसतो.

हे तपासायला मेकॅनिक लागत नाही. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. फक्त गिझर चालू ठेवा आणि मीटरवरचा मिचकणारा लाल दिवा एक मिनिट मोजा. एका युनिटला तो किती वेळा मिचकतो हे मीटरवरच छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. मग २ किलोवॅटचा गिझर पूर्ण ताकदीने चालत असेल तर दिवा मिनिटाला १०६-१०७ वेळा मिचकेल. ६५च्या आसपास आला तर ताकद सव्वा किलोवॅटच आहे. मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर मिनिटाचे मोजलेले ठोके गुणिले ६०, भागिले तो आकडा. उत्तर किलोवॅटमध्ये.

ठोके कमी आले तर गिझर बदलून उपयोग नाही, नवाही तसाच चालेल. व्होल्टेज फार पडत असल्याची तक्रार महावितरणकडे १९१२ वर करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या चार-पाच घरांनी मिळून तक्रार केली तर बिघाड एका घरातला नाही हे लगेच दिसतं.

गिझरचा दिवा लागलेला, पण मीटर जवळजवळ मिचकतच नाही? मग कॉईल जळालेली असू शकते. काही गिझरमध्ये कॉईल तुटली तरी दिवा लागतोच.

तिसरी शक्यता म्हणजे ठोके बरोबर आहेत, पण दिवा पाच-सात मिनिटांतच विझतो आणि पाणी कोमट. इथे संशय थर्मोस्टॅटवर घ्या. तो खराब असेल किंवा कॉईलवर क्षार साचल्यामुळे त्याला पाणी तापल्याचा भास होत असेल. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरमध्ये पांढरा थर जास्त धरतो. ‘क्षारामुळे वीज जास्त खाते’ असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. वीज फार वाढत नाही. उष्णता पाण्यात जायला अडते, कॉईल आतून जास्त तापते आणि लवकर जळते. दर वर्षी-दोन वर्षांनी टाकी उघडून कॉईल साफ करून घेणं आणि मॅग्नेशियमचा रॉड बदलणं नव्या गिझरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

सगळं ठीक आहे, तरी नळाला कोमटच? मग नळाचा मिक्सर बघा. गिझरचं बटण बंद करा, गिझरमध्ये जाणाऱ्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गरम पाण्याचा नळ सोडा. थोड्या वेळाने धार थांबली पाहिजे. वाहतच राहिली तर मिक्सरमधून थंड पाणी गरम पाण्याच्या पाइपात शिरतंय. प्लंबरचं काम आहे, गिझरचा काही दोष नाही.

छोट्या ‘इन्स्टंट’ गिझरचं गणित वेगळं. ३ किलोवॅटचा गिझर मिनिटाला ३ लिटर वाहणारं पाणी जेमतेम १४ अंशांनी तापवतो. नळ अर्धा करा, तेच २८ अंशांनी तापेल. एवढं साधं आहे.

सोलर असेल तर पाइपात अडकलेली हवा हे नेहमीचं दुखणं. पाण्याचं फिरणं थांबतं आणि उन्हातही टाकी थंड राहते. हवा निघायचा उभा पाइप तुंबला आहे का ते आधी पाहा. इंग्लंडला राहणाऱ्या मुला-मुलींच्या घरातले रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागतात तेव्हाही कारण हेच असतं. तिथे छोट्या किल्लीने वरची हवा सोडतात.

एका बाबतीत मात्र स्वतः काही करू नका. जुलै २०२१च्या पुरात महाडमध्ये तळमजल्यावरची घरं पाण्याखाली गेली. असा बुडालेला गिझर वरून वाळलेला दिसतो, पण आतल्या जोडण्यांत आणि उष्णता धरून ठेवणाऱ्या थरात चिखल राहू शकतो. तो बटण दाबून ‘चालतो का बघू’ म्हणायचं नाही. इलेक्ट्रिशियनने उघडून, अर्थिंग आणि गळती तपासल्यावरच वीज जोडायची. गिझरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या. बादलीत हात घातल्यावर किंचित जरी मुंग्या आल्या, तर मेन स्विच बंद करून त्या दिवशी पाणी गॅसवर तापवा.