क्विनेला: चेंडूवरून घोड्यावर
देवनहळ्ळीत हाय-अलाय हा चेंडूचा खेळ कुणी खेळत नाही. पण त्या खेळावरच्या सट्ट्यात रुळलेला ‘क्विनेला’ पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, बंगळूर टर्फ क्लबच्या रेसकोर्सवर सर्रास लावतात: पहिले दोन घोडे ओळखायचे, क्रम कसाही चालतो. फ्लोरिडातल्या हाय-अलायमध्ये घोड्यांच्या जागी आठ खेळाडू किंवा आठ जोड्या. हिशेब दोन्हीकडे टोटचाच. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात. कर आणि चालकांचा वाटा आधीच वळता, उरेल ते जिंकणाऱ्यांत. म्हणूनच सगळ्यांच्या लाडक्या घोड्यावर जिंकलं तरी हाती चिल्लरच. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोडदौड हा कौशल्याचा खेळ ठरवला; मटका चोरून आणि टोट राजरोस. सप्टेंबर २०२५पासून मात्र जीएसटी ४० टक्के!