‘ट्रान्सॅट’ आरामखुर्ची : पॅरिसपासून माणिकबागेपर्यंत

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात यूरोपात जी नवी गृहसामग्री निर्माण झाली, तिचा विचार बहुधा पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांपासून आरंभ केला जातो. या प्रघातामुळे त्याच काळातील एका लाकडी आसनाकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले. आयलीन ग्रे यांनी 1920 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेली ‘ट्रान्सॅट’ ही आरामखुर्ची होय. तिच्या मूळ प्रती आज अत्यंत दुर्मिळ असून त्यांपैकी एक इंदूरच्या होळकरांच्या संग्रही होती.

आयलीन ग्रे यांचा जन्म 1878 साली आयर्लंडमधील एनिसकॉर्थी या गावाजवळ झाला. त्यांचे बहुतेक आयुष्य मात्र पॅरिसमध्ये गेले. तेथे सुगावारा या जपानी कारागिरापासून त्यांनी लाखकामाची विद्या संपादन केली. येथे एक खुलासा आवश्यक आहे. सावंतवाडीच्या खेळण्यांवर चढते ती लाख हा कीटकाचा स्राव असून लेथवर फिरत्या लाकडाच्या घर्षणाने निर्माण होणाऱ्या उष्णतेने ती वितळते व बसते. जपानी लाख हा वृक्षाचा चीक असून त्याचे पातळ थर एकामागून एक द्यावे लागतात. शिवाय प्रत्येक थर दमट हवेत सावकाश वाळू द्यावा लागतो. एवढ्या संथ हस्तकौशल्यात मुरलेली व्यक्ती पुढे यंत्रयुगाच्या सौंदर्यदृष्टीकडे वळली, हे लक्षात ठेवल्यावाचून ‘ट्रान्सॅट’चे स्वरूप नीट उमगत नाही.

फ्रेंच भाषेत ‘ट्रान्सॅट’ म्हणजे अटलांटिक ओलांडणाऱ्या आगबोटीच्या डेकवरील घडीची खुर्ची. ग्रे यांनी तिच्यापासून झोळीची कल्पना तेवढी उचलली. घडीची खुर्ची तिरक्या दांड्यांवर तोललेली असते. ग्रे यांची चौकट मात्र सरळ, काटकोनी व स्थिर आहे. लाख चढविलेल्या लाकडी पट्ट्या मुलामा दिलेल्या धातूच्या सांध्यांनी जोडलेल्या असून हे सांधे लपविण्याचा कोणताही प्रयत्न केलेला नाही. या चौकटीत गादीयुक्त आसन झोळीप्रमाणे लोंबते, आणि डोके टेकण्याचा भाग बसणाऱ्याच्या सोयीनुसार कलविता येतो. तात्पर्य, भार पेलणारा सांगाडा व देह सामावणारी झोळी यांचे कार्य पूर्णतः विभक्त केलेले आहे. कित्येक समकालीन खुर्च्यांत सिद्धांताची शिस्त दिसते, पण बसणाऱ्याची पाठ विचारात घेतलेली नसते. तो दोष येथे नाही. या रचनेस 1930 साली पेटंट मिळाले.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून येथे 1926 ते 1929 या काळात ग्रे यांनी जाँ बादोव्हिसी यांच्या सहवासात जे घर उभारले, त्यातही या खुर्च्या होत्या. त्या घराचे ‘ई. 1027’ हे नाव दोघांच्या आद्याक्षरांच्या वर्णमालेतील क्रमांकांवरून घडविलेले आहे. पुढे त्याच्या भिंतींवर ल कॉर्ब्युझिए यांनी चित्रे रंगविली, आणि कालांतराने कित्येकांनी घराचे श्रेयही त्यांनाच देऊन टाकले. ग्रे यांच्या वाट्याला आलेल्या विस्मृतीचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

इंदूरचा संबंध याच सुमारास येतो. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे शिक्षण ऑक्सफर्ड येथे झाले होते. 1930 साली राज्याधिकार हाती येताच त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडे माणिकबाग राजवाड्याचे काम सोपविले. महाराणी संयोगिताबाई या कागलकर घाटग्यांच्या कन्या. या मराठी दांपत्याने इंदूरच्या निवासासाठी रुलमान, सोन्यो व आलिक्स, ल कॉर्ब्युझिए व शार्लोत पेरियाँ यांची सामग्री यूरोपातून आणविली. तीतच ‘ट्रान्सॅट’ होती. यास केवळ संस्थानिकी हौस म्हणून बाजूस सारणे न्याय्य ठरणार नाही. जी वस्तू पॅरिसच्या ग्राहकांनीही फारशी घेतली नाही, ती विशीतील एका भारतीय अधिपतीने निवडली, आणि तिच्याभोवतीची भिंत, दिवे व गालिचे तिला साजेसे घडवून घेतले.

महाराणींचे 1937 मध्ये व महाराजांचे 1961 मध्ये निधन झाले. त्यानंतर हा संग्रह विस्कटला. 1980 साली माँते कार्लो येथे त्यातील पुष्कळशा वस्तूंचा लिलाव झाला, तर राजवाड्याच्या वास्तूत केंद्रीय अबकारी खात्याची कचेरी आली. ग्रे यांची कीर्ती तत्पूर्वीच पुन्हा उजळू लागली होती. 1972 साली जाक दूसे यांच्या संग्रहाच्या लिलावात त्यांचा लाखेचा पडदा विकला गेला, तेव्हा त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या. 1976 साली त्या निवर्तल्या. 2009 मध्ये त्यांच्याच एका जुन्या खुर्चीस सुमारे 2 कोटी 19 लक्ष युरो मिळाले.

संशोधकाची अडचण येथूनच सुरू होते. लिलावाच्या सूचीत ‘माणिकबाग’ हे नाव किंमत वाढविणारी मोहोर म्हणून येते. खुर्ची कोणत्या खिडकीशी, कोणत्या दिव्याखाली होती, ही माहिती त्या सूचीला गौण वाटते. रचनेचे आकलन मूळ प्रतीवाचूनही होऊ शकते, कारण एकार या फ्रेंच संस्थेने ‘ट्रान्सॅट’चे पुनरुत्पादन केलेले आहे. दालनाचे तसे नाही. 2019 साली पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने माणिकबागेच्या विखुरलेल्या वस्तू काही महिने एकत्र मांडल्या, तेव्हा त्यांची परस्परसंगती पाहण्याची संधी मिळाली. एरवी त्या दालनांच्या अभ्यासासाठी मुख्य आधार म्हणून मुथेसियस यांच्या काळची छायाचित्रेच घ्यावी लागतात. ती कृष्णधवल असल्यामुळे लाखेचा व कापडाचा रंग त्यांवरून ठरविता येत नाही.