कुत्र्यासोबत धावणे : खेळ, इतिहास आणि शिस्त

जालना शहराबाहेरच्या कोणत्याही रस्त्यावर पहाटे उभे राहिले, तर धावणारी मुले-मुली दिसतात. बहुतेक जण पोलीस भरतीची तयारी करीत असतात. कोणी १६०० मीटरची वेळ मोजतो, कोणी ८०० मीटरची, तर राज्य राखीव पोलीस बलात जाऊ पाहणारा ५ किलोमीटरचा सराव करतो. या बलाचा गट क्रमांक ३ जालन्यातच असल्याने हे स्वप्न आपल्या जिल्ह्यात घरोघरी परिचयाचे आहे. या तरुणांच्या मार्गात आणखी एक प्राणी हमखास असतो, तो म्हणजे कुत्रा. कधी तो मागे लागतो, कधी निमूटपणे सोबत धावतो. माणूस आणि कुत्रा यांनी मिळून, गटाने, मोकळ्या रानातून धावण्याचा एक शिस्तबद्ध खेळ जगात रूढ आहे. त्याची ओळख विद्यार्थ्यांना आणि पालकांना करून द्यावी, हा आमचा प्रस्तुत लेखामागील हेतू आहे.

या खेळाला ‘कॅनिक्रॉस’ म्हणतात. कॅनिस म्हणजे लॅटिन भाषेत कुत्रा, आणि क्रॉस म्हणजे क्रॉस-कंट्री, अर्थात रानावनातून धावणे. धावणाऱ्याच्या कमरेला रुंद पट्टा असतो. कुत्र्याच्या छातीला आणि पाठीला बसेल असा हार्नेस असतो. दोहोंना जोडणारी सुमारे दोन मीटरची दोरी असते व तिचा काही भाग लवचिक असतो, म्हणजे झटका ना माणसाच्या कमरेला बसतो, ना कुत्र्याच्या अंगाला. कुत्रा पुढे राहून ओढतो, माणूस मागून धावतो. गळ्यातल्या पट्ट्याला किंवा साखळीला दोरी बांधून धावणे या खेळात चूक मानले जाते, कारण त्यामुळे सगळा ताण श्वासनलिकेवर येतो.

या खेळाचे मूळ बर्फाळ प्रदेशात आहे. तेथे कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाड्या हेच शतकानुशतके दळणवळणाचे साधन होते. बर्फ नसलेल्या महिन्यांत या कुत्र्यांचा सराव टिकावा म्हणून त्यांचे मालक त्यांच्यासोबत जमिनीवर धावू लागले आणि त्यातून पुढे युरोपात स्वतंत्र खेळ उभा राहिला. या कुत्र्यांचे सामर्थ्य जगाने १९२५ साली पाहिले. अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ पसरली होती. औषध पोहोचवायला ना रेल्वे होती, ना विमान उडू शकत होते. तेव्हा २० चालक आणि सुमारे १५० कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने ६७४ मैलांचे, म्हणजे सुमारे १०८५ किलोमीटरचे अंतर साडेपाच दिवसांत कापून औषध पोहोचविले. शेवटच्या टप्प्यातील बाल्टो या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. सर्वांत लांब आणि खडतर टप्पा मात्र टोगो नावाच्या कुत्र्याच्या तुकडीने पार केला होता. श्रम अनेकांचे आणि नाव एकाचे, हे इतिहासात नेहमीच घडते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने म्हणूनच पुतळ्यापलीकडे पाहायला शिकले पाहिजे.

आपल्याकडेही कुत्र्यासोबत रान तुडविण्याची परंपरा जुनी आहे. मेंढरांमागे शेकडो किलोमीटर चालणाऱ्या धनगरांच्या वाड्यासोबत कुत्री असतातच. लांब पायांच्या, सडपातळ बांध्याच्या वेगवान कुत्र्यांची कारवान ही जात महाराष्ट्र-कर्नाटकात प्रसिद्ध आहे. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानात या कुत्र्यांचे संगोपन झाले, म्हणून त्यांना मुधोळ हाउंड असेही म्हणतात. लातूर भागात लांब केसांची पश्मी कुत्री पाळली जातात. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंडला स्थान होते. मात्र या कुत्र्यांचा उपयोग मुख्यतः शिकारीसाठी झाला, हे विसरता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशामागे किंवा काळविटामागे कुत्रे सोडणे हा गुन्हा आहे. पंचशीलातील पहिले शीलही आपल्याला तेच सांगते. ज्या कुत्र्याच्या रक्तातच धावणे आहे, त्याला जीव न घेता धावू देण्याचा मार्ग हा खेळ दाखवितो.

या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि आमच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असे सांगितले आहे. त्याच परंपरेत ‘श्वपच’ हे एका मानवसमूहाचे नाव ठरले. कुत्रा हा प्राणी अशा रीतीने माणसाला हीन ठरविण्याचे साधन बनला. पुढे तर अशी वेळ आली की, महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पिऊ शकत होती, पण माणसांना तेथे मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अपराध कुत्र्याचा नव्हता. माणसाला माणूस न मानणाऱ्या व्यवस्थेचा तो अपराध होता. म्हणून त्या अपमानाची आठवण ठेवूनही या प्राण्याशी आपले नाते मैत्रीचे असू शकते.

जातककथांमध्ये कुक्कुर जातक नावाची कथा आहे. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडे रात्रीच्या पावसात भिजले आणि राजवाड्यातल्या कुत्र्यांनी ते कुरतडून खाल्ले. आळ मात्र बाहेरच्या कुत्र्यांवर आला. वाड्यातली कुत्री वगळून दिसेल ते कुत्रे मारावे, असा हुकूम सुटला. तेव्हा स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा प्रमुख, जो पूर्वजन्मीचा बोधिसत्त्व होता, थेट राजापुढे गेला. वाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि गवत एकत्र करून पाजा, असे त्याने सुचविले. तसे करताच त्या कुत्र्यांनी चामड्याचे तुकडे ओकले आणि खरे गुन्हेगार उघड झाले. पुरावा न तपासता बाहेरच्यांना शिक्षा देऊ नये, आणि कुळावरून कोणाला निर्दोष ठरवू नये, हा या कथेचा बोध आहे. धावण्याच्या खेळातही तो लागू पडतो. त्यासाठी हजारो रुपयांचे जातिवंत पिल्लू विकत घेण्याची गरज नाही. आपल्या दारातले निरोगी गावठी कुत्रे आपल्या हवामानाला सरावलेले असते आणि ते उत्तम धावते. दिसायला ऐटबाज, पण चपट्या नाकाची परदेशी कुत्री मात्र लवकर धापा टाकतात. त्यांना या खेळात ओढू नये.

आता प्रत्यक्ष नियमांकडे वळू. कुत्रा किमान एक वर्षाचा असावा, मोठ्या बांध्याचा असल्यास दीड वर्षाचा, कारण त्याआधी त्याची हाडे व सांधे पक्के झालेले नसतात. आरंभ करण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी करून रेबीजची लस द्यावी. पहिल्या आठवड्यात एक किलोमीटरही पुरे, त्यातही धावणे आणि चालणे आलटून-पालटून असावे. भरल्या पोटी धाववू नये. ‘चल’, ‘थांब’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ असे चार शब्द ठरवावेत आणि सर्वांनी तेच वापरावेत. शेतकरी बैलांशी ठरलेल्या आवाजातच बोलतो, तसेच हे आहे.

जालना जिल्ह्यात सर्वांत मोठी काळजी उन्हाची. माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो केवळ पंजांना येतो आणि अंगातली उष्णता त्याला मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकावी लागते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम आणि सूर्योदयाच्या आसपासची वेळ हीच आपली वेळ. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा खेळ बंदच ठेवावा. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू काही सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला जे सोसवत नाही, ते पंजांनाही सोसवत नाही. कुत्रा झोकांड्या देऊ लागला, लाळ घट्ट झाली, जीभ गडद लाल झाली, तर लगेच थांबून त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे आणि पशुवैद्यकाकडे जावे. गायरान आणि पांदण रस्ते धावण्यास चांगले, पण सराटे, बाभळीचे काटे आणि कुसळे यांचा त्रास तेथेच असतो. धावून आल्यावर पंजांची बोटे आणि कान तपासावेत. फवारणी झालेल्या कपाशीजवळचे साचलेले पाणी त्याला पिऊ देऊ नये, सोबत स्वच्छ पाणी न्यावे.

गटाची शिस्त वेगळी. दोन कुत्र्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवून एकामागून एक निघावे. पुढे जाताना आधी आवाज द्यावा. वस्तीतून दोरी आखूड करून चालत जावे, कारण तेथे लहान मुले असतात आणि कुत्र्यांची भीती वाटणारी माणसेही असतात. ज्याला भीती वाटते त्याला हसणे ही असभ्यता आहे. मोकाट कुत्रे अंगावर आले तर पळू नये, दगड उचलू नये. स्थिर उभे राहावे, त्याच्या डोळ्यांत डोळे घालू नयेत आणि हळूहळू मागे सरावे.

एवढे करूनही कुत्रा चावलाच, तर हळद, चुना किंवा मिरचीपूड लावू नये. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, तत्काळ सरकारी दवाखाना गाठावा आणि डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना लस घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते, पण वेळीच घेतलेल्या लसीने तो टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चरच्या देखरेखीखाली जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम दिली गेली आणि तो जगला. मंत्र-तंत्र आणि झाडपाल्याच्या नादात दिवस घालविणाऱ्या घरांना हा इतिहास विद्यार्थ्यांनी जाऊन सांगावा. विज्ञाननिष्ठेचे याहून उपयुक्त कार्य क्वचितच असेल.

या खेळाला मैदान लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही. शिवलेला एक पट्टा, एक दोरी, लस टोचलेले एक कुत्रे आणि शिस्त मानणारे चार मित्र एवढे पुरेसे आहे. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले विद्यार्थी आज भोकरदनपासून मंठ्यापर्यंत गावोगावी आहेत. त्यांनी आपापल्या गावी पाच-सहा जणांचा एक गट जरी उभा केला, तरी भरतीची तयारी होईल, गावातल्या कुत्र्यांना लस मिळेल आणि शिकारीच्या वाटेने जाणारी काही मुले धावण्याच्या वाटेवर येतील. कुत्रा थकला की आपणही थांबायचे, हा या खेळाचा पहिला नियम आहे. जो बोलू शकत नाही त्याचा थकवा ओळखता येणे, हे शिक्षण आम्हाला कोणत्याही पदकाहून मोलाचे वाटते.