भीमथडीची घोडी

दिवाळी सरली होती. जेजुरीजवळच्या माळावर पहाटेच धनगरांचा वाडा हलत होता. पुरुष मेंढ्या घेऊन कोकणच्या वाटेला लागलेले. संसार आवरून घोडीवर लादायचं काम बायकांचं.

आधी पाठीवर घोंगडी पडली. वाड्यातल्या एक मावशी तिच्यावरून तळहात फिरवत राहिल्या, कारण एक सुरकुती राहिली तरी दुपारपर्यंत पाठ सोलवटते. मग दोन्ही अंगांना सारखं वजन: इकडे मेंढ्या कोंडायची वाघर, तिकडे भांडी आणि धान्य. वर पाल. सगळ्यांत वर झोळीत दोन दिवसांचं कोकरू. दोर आवळायला घेतला तशी घोडीनं पोट फुगवलं. मावशी थांबल्या.

"आवळत का नाही?" मी विचारलं.

"तिला दम सोडू द्या की."

घोडीनं श्वास सोडला, त्याच क्षणी मावशींनी गुडघा टेकून दोर वीतभर आत खेचला. घाटाच्या उतारावर ओझं टिकणार की कलंडणार, ते तिथंच ठरलं.

अंगानं लहान, पण रुंद नाकपुड्या, मोठे डोळे, ताठ मान. मला तिच्यात अरबी रक्त दिसलं, आणि इतिहासही तेच सांगतो. होर्मुझहून अरबी घोडे गलबतांतून चौल, दाभोळ, गोव्याला उतरत. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला तिथल्या खानानं तो काढून घेतला. पुढं भीमेच्या खोऱ्यात अरबी, तुर्की घोड्यांचा इथल्या तट्टांशी संकर होत गेला. त्यातून काटक भीमथडी घडली. याच तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायल्याचं आपण अभिमानानं सांगतो. अरबी वारसा म्हटलं की आपल्याला शर्यतीचं मैदान आठवतं. माझ्या मते त्याचा खरा मान या ओझ्याखालच्या घोडीचा आहे.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ती टिकली मात्र धनगरांमुळे.

घाटात असा वाडा दिसला, तर गाडी हळू करा आणि हॉर्न वाजवू नका. बिचकलेल्या घोडीच्या पाठीवर कोकरू असतं.