अल्पमोलाचे डिस्टॉर्शन पेडल व गिटारचा नाद

विद्युत्‌ध्वनिशास्त्राच्या बहुतेक सर्व शाखांत ध्वनीचे विरूपण हा दोष मानला जातो. दूरध्वनी असो, नभोवाणी असो वा ध्वनिमुद्रण असो, मूळ ध्वनी जसाच्या तसा श्रोत्यापर्यंत पोचावा हाच तेथे यंत्ररचनेचा हेतू असतो. विद्युत् गिटार हा ह्या नियमाचा ठळक अपवाद होय. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' ह्या गीतात ग्रेडी मार्टिन यांनी वाजविलेला खर्जातील तुकडा ध्वनिमुद्रण-सामग्रीतील बिघाडामुळे घरघरत उमटला. परंतु तो गाळण्याऐवजी तसाच ठेवण्यात आला. त्या बिघाडाची हेतुपुरस्सर नक्कल करणारे 'मेस्ट्रो फझ-टोन' हे पेडल १९६२ साली विक्रीस आले आणि १९६५ साली रोलिंग स्टोन्स ह्या वाद्यवृंदाच्या 'सॅटिस्फॅक्शन' ह्या गीताने तो नाद जगभर पोचविला.

ज्या नादाचा उगमच बिघाडात आहे, तो मिळविण्यासाठी महाग उपकरण अपरिहार्य असावे काय? बेताच्या परिस्थितीतील शिकाऊ वादकापुढे हा प्रश्न हटकून उभा राहतो. तो स्वस्तातले पेडल घेतो. घरी त्याचा आवाज मधमाश्यांच्या गुणगुणीसारखा किरटा वाटतो, आणि साथीदारांबरोबर वाजविताना तर तो ऐकूच येत नाही. दोष किंमतीचा आहे असे ठरवून तो दुसऱ्या पेडलसाठी पैसे साठवू लागतो. ह्या निष्कर्षात तथ्य किती, हे जाणण्यासाठी पेडलच्या अंतरंगात काय घडते ते प्रथम पाहिले पाहिजे.

गिटारच्या तारेपासून मिळणारा विद्युत्‌दाब अल्प, सामान्यतः व्होल्टच्या काही दशांशांइतका असतो. पेडलमधील ट्रान्झिस्टर वा तत्सम घटक तो कित्येक पटींनी वाढवितात. त्यापुढे परस्परविरुद्ध दिशांनी जोडलेले दोन सिलिकॉन डायोड असतात. दाब सुमारे ०.६ व्होल्टपर्यंत चढला की डायोड वाहू लागतात व त्यापलीकडे तरंगाला चढू देत नाहीत. परिणामी तरंगाचे माथे छाटले जाऊन तो चौकोनी होऊ लागतो. पूर्ण चौकोनी तरंगात मूळ कंप्रतेबरोबरच तिच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा कंप्रतांचे स्वर अनुक्रमे एक-तृतीयांश, एक-पंचमांश, एक-सप्तमांश प्रमाणात असतात. आपल्या संगीतशास्त्रात ज्यांना स्वयंभू स्वर म्हणतात, तेच हे. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवरील धाग्याच्या सूक्ष्म हालचालीने हेच स्वर खुलविले जातात. साधने भिन्न असली, तरी साध्य एकच आहे: स्वयंभू स्वरांची समृद्धी. जवारी बिघडली की तंबोरा झणझणतो. तद्वतच छाटणी अनावर झाली की गिटार किरकिरते.

आता महत्त्वाची गोष्ट अशी की, छाटणी करणारे डायोड हे अत्यंत स्वस्त घटक आहेत आणि महाग पेडलमध्येही पुष्कळदा ह्याच जातीचे डायोड असतात. म्हणून नादातील भेद छाटणीच्या क्रियेत शोधण्यापेक्षा छाटणीपूर्वी तरंगात काय शिरते आणि छाटणीनंतर त्यातून काय गाळले जाते, ह्यांत शोधणे अधिक फलदायी ठरते. ह्या दोन्ही गोष्टी पुष्कळ अंशी वादकाच्या हाती असतात.

जपानमधील बॉस कंपनीचे 'डीएस-१' हे नारिंगी रंगाचे पेडल ह्याचे उत्तम उदाहरण होय. १९७८ साली प्रथम निघालेले हे उपकरण अल्प किंमतीमुळे आजही विद्यार्थ्यांत प्रचलित आहे, आणि निर्वाणा वृंदातील कर्ट कोबेन यांच्यासारख्या ख्यातनाम वादकानेही ते वापरले. त्यावर 'टोन', 'लेव्हल' व 'डिस्ट' अशी तीन बटणे आहेत. नवशिका बहुधा 'डिस्ट' शेवटपर्यंत फिरवितो, आणि तेथेच पहिली चूक होते.

छाटणी जसजशी वाढते, तसतसा मंद व जोरकस आघातांतील फरक नाहीसा होतो. स्वर लांबतो खरा, पण बोटांचे काम झाकले जाते. शिवाय एकाच वेळी अनेक तारा छेडल्यास त्यांच्या कंप्रतांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवेच स्वर निर्माण होतात. ११० हर्ट्झचा षड्ज व १६५ हर्ट्झचा पंचम एकत्र छाटले, तर वजाबाकीने ५५ हर्ट्झचा, म्हणजे त्याच षड्जाच्या खालच्या सप्तकातील षड्ज मिळतो. म्हणूनच केवळ षड्ज-पंचमाची जोडी ह्या नादात भारदस्त वाटते. गांधाराचे तसे नाही. गिटारच्या पडद्यांवरील समविभागी गांधार सुमारे १३८.६ हर्ट्झचा असतो. त्याचा चौपट स्वर ५५४.४ हर्ट्झवर व षड्जाचा पाचपट स्वर ५५० हर्ट्झवर येतो आणि त्या दोहोंत दर सेकंदाला चारांहून अधिक विस्पंद ऐकू येतात. स्वच्छ नादात हे वरचे स्वर क्षीण असल्याने विस्पंद जाणवत नाहीत. छाटणीने ते बळावतात आणि कॉर्ड गढूळ होते. ह्यावर उपाय दोन: 'डिस्ट' निम्म्याच्या आत ठेवणे व तीन स्वरांऐवजी दोनच वाजविणे. गिटारवरील आवाजाचे बटण थोडे उतरविले तरी छाटणी कमी होऊन नाद मोकळा होतो.

छाटणीनंतरच्या भागात 'टोन' येते. 'डीएस-१'च्या रचनेत हे बटण खर्ज व तार ह्या दोन वेगवेगळ्या वाटांचे मिश्रण ठरविते. बटण मध्यावर असता सुमारे ५०० हर्ट्झच्या आसपासचा प्रदेश खोलगट होतो. एकट्याने वाजविताना ही पोकळी कानाला गोड लागते. परंतु वृंदात खालचा प्रदेश बास गिटार व ढोल व्यापतात, वरचा प्रदेश झांजा व्यापतात, आणि गिटारसाठी उरलेला मधला प्रदेश नेमका रिकामा राहतो. 'माझे गिटार ऐकू येत नाही' ह्या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते. अशा वेळी आवाज चढविण्यापेक्षा 'टोन' मध्यापेक्षा खर्जाकडे घ्यावे आणि विवर्धकावरील 'मिडल' हे बटण वाढवावे.

ह्याहून अधिक दुर्लक्षित राहणारा घटक म्हणजे ध्वनिक्षेपक. गिटारच्या विवर्धकातील बारा इंची ध्वनिक्षेपक साधारणतः ५,००० हर्ट्झच्या पुढील ध्वनी फारसा देत नाही. छाटणीतून निघणारे तीक्ष्ण उच्च स्वर तेथे आपोआप गाळले जातात. हेच पेडल संगणकाला, घरगुती संगीतयंत्राला वा हेडफोनला थेट जोडले, तर ही गाळणी नाहीशी होते व सारी किरकिर उघडी पडते. गिटारच्या ध्वनिक्षेपकाची नक्कल करणारे साधन मध्ये घातल्यास तेच स्वस्त पेडल ओळखू येणार नाही इतके निवळते. पुष्कळदा पेडलला दिलेला दोष वस्तुतः ह्या अभावाचा असतो.

'लेव्हल'विषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, दोन नादांची तुलना करताना त्यांची तीव्रता सारखी असली पाहिजे. कारण तीव्रता वाढली की कानाला खर्ज व तार स्वर अधिक भरदार वाटतात आणि मोठा आवाज हाच चांगला आवाज असा भास होतो. दोन, निर्वात नलिकांचा विवर्धक उपलब्ध असल्यास 'डिस्ट' अल्प व 'लेव्हल' भरपूर ठेवावे. म्हणजे विवर्धकाच्या नलिकाही थोडीबहुत छाटणी करू लागतात व सर्व भार डायोडांवर पडत नाही.

सारांश, बटणे लावण्याचा क्रम असा असावा: प्रथम पेडल बंद ठेवून विवर्धकावर स्वच्छ व भरीव नाद साधावा, नंतर 'डिस्ट' शून्यापासून हळूहळू चढवून स्वर हवा तितका लांबताच थांबावे, मग 'टोन' ठरवावे आणि शेवटी 'लेव्हल' बंद स्थितीच्या तीव्रतेशी जुळवावे. ह्याउपरही नाद न रुचल्यास दुसऱ्या पेडलचा विचार करणे योग्य होय. किंमतीचा भेद सर्वस्वी मिथ्या आहे असे नाही. टिकाऊ पेटी, भरवशाचे कळदाब व कमी खरखर ह्यांसाठी पैसे मोजावेच लागतात. परंतु नादाची जाण त्या पैशांत येत नाही. जवारी लावणारा कारागीर धागा केसभर सरकवितो व कान देतो. स्वस्त पेडलपुढे बसलेल्या वादकालाही तेच करावयाचे असते.